पोटातले डायलिसिस आधी: थायलंडच्या आरोग्य योजनेतला एक अवघड निर्णय

थायलंडमध्ये २००२ साली सार्वत्रिक आरोग्य योजना देशभर लागू झाली, तेव्हा तिच्यात जवळजवळ सगळे होते. बाळंतपण, अपेंडिक्स, कॅन्सरची केमोथेरपी, हृदयाची शस्त्रक्रिया. दर खेपेला ३० बाहत (बाहत हे थायलंडचे चलन) भरायचे, गरिबाने तेही भरायचे नाहीत. पण दोन्ही मूत्रपिंडे कायमची निकामी झालेला माणूस आला की योजना हात वर करायची. डायलिसिस आणि मूत्रपिंडरोपण या दोन गोष्टी तिच्यातून मुद्दाम वगळल्या होत्या.

अशा माणसाला डायलिसिस मिळाले नाही, तर तो काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जातो. डायलिसिस मिळाले तर वर्षानुवर्षे जगतो, शेत बघतो, दुकानात बसतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेचा खर्च मोठा असला तरी एकदाच येतो. डायलिसिसचा खर्च माणूस जिवंत असेपर्यंत दर आठवड्याला येतो, आणि त्यात खंड पडून चालत नाही. म्हणून कोणत्याही देशाच्या आरोग्य योजनेची खरी परीक्षा इथे होते.

आपल्याकडे आरोग्यविम्याची चर्चा बहुधा 'कव्हर किती लाखांचे' यावर सुरू होते आणि तिथेच संपते. थायलंडने २००८ साली डायलिसिस योजनेत आणले, पुढे २०२२ साली त्याचा नियम बदलला आणि २०२५ साली पुन्हा मागे घेतला. या तिन्ही वेळा प्रश्न 'किती लाखांचे कव्हर' हा नव्हताच. प्रश्न होता तो एवढाच की पैसे कोणाला, कशासाठी आणि कोणत्या अटीवर द्यायचे. त्याचे उत्तर बदलले की रुग्ण कुठे उपचार घेणार, कोणती केंद्रे उभी राहणार आणि तिजोरीवर किती भार पडणार, हे सगळे फिरले. हे प्रकरण तपशिलात बघावे असे मला वाटते ते त्यासाठी.

योजना कशी उभी राहिली

२००१ च्या आधी थायलंडमध्ये आरोग्याच्या खर्चाची तीन-चार वेगवेगळी खाती होती. सरकारी नोकर आणि त्यांच्या कुटुंबीयांचा खर्च सरकार उचलायचे, आलेल्या बिलाप्रमाणे. खासगी क्षेत्रातल्या पगारदारांसाठी १९९० च्या कायद्याने सामाजिक सुरक्षा निधी होता. गरिबांसाठी वेगळे कार्ड होते, आणि पैसे भरून घ्यायचे एक ऐच्छिक आरोग्यकार्डही होते. तरीही साधारण ३० टक्के लोक कशातच बसत नव्हते. शेतकरी, फेरीवाले, रोजंदारीवरची माणसे.

जानेवारी २००१ च्या निवडणुकीत थाक्सिन शिनावात्रा यांच्या पक्षाने '३० बाहतांत सगळे आजार' असे आश्वासन दिले आणि निवडणूक जिंकली. घोषणा राजकारण्यांची होती, पण तिच्यामागचा आराखडा डॉ. सांगुआन नित्यारंफोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीची अनेक वर्षे खपून तयार केला होता. सांगुआन यांनी ईशान्येकडच्या सिसाकेत प्रांतात रासी सालाई या तालुक्याच्या गावी डॉक्टर म्हणून काम केले होते. उपचारासाठी जमीन विकणारी कुटुंबे त्यांनी तिथे जवळून पाहिली. ते आणि त्यांच्या पिढीतले ग्रामीण डॉक्टर पुढे आरोग्य मंत्रालयात गेले, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत तालुक्या-तालुक्यांत रुग्णालये उभी राहिली. ही रुग्णालये आधी नसती, तर २००१ ची घोषणा कागदावरच राहिली असती. विम्याची चर्चा करताना हा भाग हमखास निसटतो, म्हणून मुद्दाम सांगतो.

एप्रिल २००१ मध्ये सहा प्रांतांत सुरुवात झाली आणि वर्षभरात योजना देशभर पोचली. नोव्हेंबर २००२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सुरक्षा कायदा झाला. त्या कायद्याने एक महत्त्वाची फोड केली. रुग्णालये चालवणारे आरोग्य मंत्रालय एका बाजूला, आणि लोकांच्या वतीने सेवा विकत घेणारे राष्ट्रीय आरोग्य सुरक्षा कार्यालय दुसऱ्या बाजूला. या कार्यालयाच्या मंडळावर नागरी संघटनांचे प्रतिनिधीही बसतात.

पैसे देण्याची पद्धत अशी ठरली: बाह्यरुग्ण सेवेसाठी रुग्णालयाला त्याच्याकडे नोंदलेल्या माणशी वार्षिक रक्कम. आंतररुग्णांसाठी आजाराच्या गटानुसार ठरलेला दर, तोही एकूण बजेटची कमाल मर्यादा आखून. पहिल्या वर्षी योजनेचा हिशोब माणशी १,२०२ बाहतांचा होता. तेव्हा एक बाहत म्हणजे रुपयाहून थोडा जास्त. योजनेखाली होते सुमारे पावणेपाच कोटी लोक. म्हणजे दरसाल माणशी तेराशे-चौदाशे रुपयांत सगळे बसवायचे. डायलिसिस का वगळले, याचे उत्तर याच आकड्यात आहे.

वगळलेल्यांचे काय झाले

सरकारी नोकराला डायलिसिस मोफत मिळत होते. कारखान्यातल्या कामगाराला सामाजिक सुरक्षा निधीतून मिळत होते. शेतकऱ्याला मिळत नव्हते. एकाच गावात, एकाच आजाराचे दोन रुग्ण. एकाचा मुलगा शाळामास्तर म्हणून बाप वाचतो, दुसऱ्याचा मुलगा भातशेती करतो म्हणून बाप जातो. हीमोडायलिसिसचा, म्हणजे यंत्रावर रक्त शुद्ध करण्याचा, वर्षाचा खर्च तेव्हा चार लाख बाहतांच्या घरात होता. आधी साठवलेले पैसे जायचे, मग जनावरे, मग जमीन. आठवड्याला तीनऐवजी दोन वेळा, मग एकदा, असे करत पैसे संपले की उपचार थांबायचे.

रुग्णांनी संघटना केली आणि ही गोष्ट मंत्र्यांपुढे आणि वर्तमानपत्रांतून मांडायला सुरुवात केली. त्यांच्या मागणीत दयेची याचना नव्हती. कायदा 'सर्वांसाठी' म्हणतो, मग आम्ही कोणात मोडतो, असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

हिशोबाने 'नको' सांगितले

सरकारने अभ्यास करवून घेतला. डॉ. योत तीरावत्तनानोन आणि सहकाऱ्यांचे हे काम २००७ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी आरोग्य तंत्रज्ञानाचे मूल्यमापन करणारी 'हितॅप' ही संस्थाही थायलंडमध्ये उभी राहिली. अभ्यासाचा प्रश्न असा: चांगल्या प्रतीच्या आयुष्याचे एक जादा वर्ष मिळवायला डायलिसिसवर किती पैसे लागतात? उत्तर आले, पोटातल्या डायलिसिसने, म्हणजे यंत्राऐवजी पोटात द्रव घालून केलेल्या डायलिसिसने, सहा लाख बाहतांच्या वर आणि हीमोडायलिसिसने आठ लाखांच्या आसपास. योजनेत नवे उपचार घेताना तेव्हा साधारण एक लाख बाहतांची मर्यादा धरत. ही रक्कम देशाच्या दरडोई उत्पन्नाच्या जवळपास जाते. म्हणजे स्वस्तातला पर्यायही मर्यादेच्या सहापट.

शिवाय भार थांबणारा नव्हता. पहिल्या वर्षी काही हजार रुग्ण येतात, पण ते जगतात आणि पुढच्या वर्षीचे त्यांच्यात मिळतात. मधुमेह वाढत होता, त्यामुळे येणारेही वाढणार होते. योजनेचे बजेट हाच एक आजार हळूहळू खात जाईल, हे कागदावर स्पष्ट दिसत होते. तेवढ्याच पैशांत गोवर, रक्तदाब, बाळंतपण यांवर कितीतरी जास्त जीव वाचले असते. हा युक्तिवाद करणारे लोक निर्दय नव्हते. त्यातले बरेच जण ग्रामीण डॉक्टरच होते.

तरीही आरोग्य सुरक्षा कार्यालयाच्या मंडळाने 'हो' म्हटले. सप्टेंबर २००६ च्या लष्करी उठावानंतर आलेल्या सरकारात डॉ. मोंगकोल ना सोंगख्ला आरोग्यमंत्री होते. ३० बाहतांचे शुल्क रद्द करणारे आणि एड्सच्या व हृदयरोगाच्या औषधांवर सक्तीचे परवाने (पेटंट असलेल्या कंपनीच्या संमतीशिवाय स्वस्त औषध घेण्याची सरकारी मुभा) काढणारे हेच मंत्री. २००७ च्या अखेरीस मंजुरी मिळाली आणि जानेवारी २००८ पासून डायलिसिस योजनेत आले.

मला हा निर्णय योग्य वाटतो, आणि का ते स्पष्ट सांगतो. विमा नुसती आयुष्याची वर्षे विकत घ्यायला नसतो, घर बुडू नये म्हणूनही असतो. ज्या खर्चाने तीन पिढ्यांची जमीन जाते, तोच खर्च विम्याबाहेर ठेवला, तर खोकल्याचे औषध मोफत दिल्याने त्या घराला काय मिळाले? शिवाय दोन योजनांत मोफत आणि तिसरीत मरण, ही फोड लोकशाहीत फार काळ टिकत नाही. अभ्यासातल्या हिशोबाने हे प्रश्न सोडवले नाहीत. त्याने दुसरे महत्त्वाचे काम केले: 'हो' म्हणायचे असेल तर कोणत्या मार्गाने म्हणावे, हे दाखवले.

पिशवी

तो मार्ग म्हणजे 'पोटातले डायलिसिस आधी'. योजनेतल्या प्रत्येक नव्या रुग्णाने पेरिटोनियल, म्हणजे पोटातल्या, डायलिसिसने सुरुवात करायची. वैद्यकीय कारणाने ते शक्य नसेल किंवा ते निकामी झाले, तरच हीमोडायलिसिसचे पैसे योजना देणार. कुणाला आपखुशीने थेट यंत्रावर जायचे असेल, तर त्याने स्वखर्चाने जावे.

आपल्याकडे डायलिसिस म्हटले की यंत्र, खुर्ची आणि हातातल्या दोन सुया डोळ्यांपुढे येतात, म्हणून पोटातले डायलिसिस कसे चालते ते सांगायला हवे. बेंबीच्या जवळ एक मऊ नळी शस्त्रक्रियेने कायमची बसवतात. आतड्यांभोवतीचे पातळ आवरण हीच गाळणी. रुग्ण घरातल्या स्वच्छ कोपऱ्यात बसतो, पंखा बंद करतो, तोंडाला मास्क लावतो, हात साबणाने नीट घासतो. पोटातले जुने द्रव खाली ठेवलेल्या रिकाम्या पिशवीत उतरू देतो. वर टांगलेल्या दोन लिटरच्या पिशवीतले नवे द्रव पोटात घेतो, नळी बंद करतो आणि कामाला लागतो. साधारण अर्धा तास. दिवसातून चार वेळा, रोज. उतरलेले द्रव उजेडाला धरून पाहायचे. फिकट पिवळे आणि नितळ असेल तर ठीक. गढूळ दिसले तर पोटात जंतुसंसर्ग, ताबडतोब रुग्णालय.

यंत्रावरच्या डायलिसिसला आठवड्यातून दोन-तीन वेळा केंद्रावर जावे लागते. चार तासांच्या एका बैठकीला शंभर-सव्वाशे लिटर शुद्ध केलेले पाणी लागते. ते शुद्ध करणारा प्रकल्प, वीज, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि मूत्रपिंडतज्ज्ञ लागतो. २००८ च्या थायलंडमध्ये हे सगळे बँकॉक आणि मोठ्या शहरांत एकवटले होते. ईशान्येच्या एखाद्या खेड्यातल्या म्हाताऱ्याला केंद्राशेजारी जाऊन राहणे तरी परवडायला हवे होते, नाहीतर 'मोफत' या शब्दाला अर्थ नव्हता. पोटातल्या डायलिसिसला लागते ती नळी बसवणारा शल्यविशारद, शिकवणारी परिचारिका आणि पिशव्या. थायलंडने परिचारिकांना हे शिकवायचे ठरवले. ईशान्येत खोन केनच्या विद्यापीठ रुग्णालयाने प्रशिक्षणात पुढाकार घेतला. प्रांतिक रुग्णालयांत परिचारिका चालवतील अशी केंद्रे उभी राहिली. त्यांच्यापुढची कडी होती गावचे आरोग्य स्वयंसेवक, जे घरी जाऊन कोपरा स्वच्छ आहे का, हात कसे धुतात ते पाहत.

राहिल्या पिशव्या. महिन्याला एकशेवीस पिशव्या, प्रत्येकी दोन लिटर. एका रुग्णाला महिन्याला जवळपास अडीचशे किलो माल. प्रत्येक रुग्णालयाने आपापल्या पिशव्या विकत घेतल्या असत्या, तर भाव कंपनीने ठरवला असता आणि वाहतूक रुग्णाच्या गळ्यात पडली असती. आरोग्य सुरक्षा कार्यालयाने खरेदी स्वतःकडे घेतली. सरकारी औषध महामंडळामार्फत देशभराची एकत्र खरेदी झाली, त्यामुळे घासाघीस करताना खरेदीदार एकच आणि मोठा. वाटपाचे काम दिले थायलंडच्या सरकारी टपाल कंपनीला. टपालाची गाडी खेड्यातल्या दारापर्यंत जातेच, मग तीच पिशव्यांची खोकी घेऊन जाऊ लागली.

पैसे देण्याच्या पद्धतीतली खरी कारागिरी मला इथे दिसते. रुग्णालयाच्या हातात पिशव्यांचे पैसे पडलेच नाहीत, म्हणून त्यात नफा काढायची किंवा काटकसर करायची सोयच उरली नाही. रुग्णालयाला मोबदला मिळाला तो रुग्ण सांभाळण्याबद्दल. हीमोडायलिसिसला मात्र दर बैठकीमागे ठरलेली रक्कम, १,५०० बाहतांच्या आसपास. एका पद्धतीत रुग्ण घरी ठणठणीत राहण्यात केंद्राचे हित, दुसऱ्या पद्धतीत खुर्ची भरलेली राहण्यात. २०२२ ला काय झाले ते कळायला हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

काय साधले, काय नाही

२००८ पूर्वी पोटातल्या डायलिसिसवर देशभरात मूठभर रुग्ण होते. पुढच्या आठ-दहा वर्षांत ते वीस हजारांच्या पुढे गेले. मध्यम उत्पन्नाच्या फार थोड्या देशांना हे जमले आहे. एकूण योजनेचा परिणामही मोठा होता. थायलंडच्या आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २००० साली सुमारे एक तृतीयांश होता. तो पुढच्या दीड दशकात एक अष्टमांशाच्या आसपास आला.

पण सक्ती ही सक्तीच. अंधूक दिसणारी एकटी म्हातारी, हात थरथरणारा माणूस, एका खोलीत सहा जण राहणारे घर. यांना चार वेळा निर्जंतुक जोडणी करायला सांगणे सोपे नव्हते. पोटातला संसर्ग पुन्हा पुन्हा होणारे रुग्ण होते, त्यातून दगावलेलेही होते. बहुतेक घरांत हे काम मुलीवर किंवा सुनेवर पडले, आणि तिच्या वेळेचा खर्च कुठल्याच हिशोबात आला नाही. सरकारी नोकराला मात्र पहिल्या दिवसापासून यंत्र मिळत होते. ही विषमता २००८ ने कमी केली, मिटवली नाही. त्यामुळे 'आम्हालाही निवडू द्या' ही रुग्णांची मागणी अन्यायाची होती असे कुणी म्हणू नये.

निवडीचे वर्ष

१ फेब्रुवारी २०२२ पासून नियम बदलला. रुग्ण आणि डॉक्टर मिळून जे ठरवतील ते डायलिसिस मोफत. आरोग्यमंत्री होते अनुतिन चार्नविराकुल. ऐकायला यात वावगे काहीच नाही. रुग्णाला निवडीचा हक्क मिळावा, याला कोण विरोध करेल?

चूक हक्क देण्यात नव्हती. निवडीचे दोन पर्याय ज्या जमिनीवर उभे होते ती सारखी नव्हती, आणि ती आधी सारखी करायला हवी होती. यंत्राच्या बाजूला दर बैठकीमागे पैसे होते, खासगी केंद्रे होती, गुंतवणूक होती. पोटाच्या बाजूला ठरलेल्या पगाराच्या परिचारिका होत्या. डॉक्टरने 'यंत्रावर जा' म्हटले तर केंद्राचे उत्पन्न वाढते, 'घरी पिशवी लाव' म्हटले तर कुणाचेच वाढत नाही. अशा वेळी 'रुग्ण आणि डॉक्टर मिळून' या शब्दांत डॉक्टरचा आवाज किती मोठा असतो, हे दवाखान्यात गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नवे रुग्ण मोठ्या संख्येने यंत्राकडे वळले. पोटातल्या डायलिसिसची संख्या घसरली. तिथल्या केंद्रांना नवे रुग्ण मिळेनासे झाले, आणि रुग्ण येईनासे झाले की परिचारिकांचा सरावही जातो.

यंत्रावर जायचे तर हातात रक्तवाहिनीची जोडणी, फिस्टुला, आधी तयार करावी लागते. ती पक्की व्हायला आठवडे जातात आणि त्या शस्त्रक्रियेलाही रांग असते. तोवर मानेतल्या तात्पुरत्या नळीवर भागवायचे, आणि तिथे रक्तात संसर्गाचा धोका. मूत्रपिंडतज्ज्ञ या धोक्याबद्दल आणि सुरुवातीच्या काळातल्या मृत्यूंबद्दल जाहीरपणे बोलू लागले. ज्या वृद्ध, अतिशय थकलेल्या रुग्णांना डायलिसिसने फारसे काही मिळणार नाही, तेही यंत्रावर जाऊ लागल्याची तक्रार होती. मूत्रपिंडरुग्णांसाठीचा खर्च दरवर्षी फुगत गेला.

शेवटी मंडळाने पुन्हा फिरवले. १ एप्रिल २०२५ पासून नव्या रुग्णांसाठी पोटातले डायलिसिस पहिले, हे धोरण परत आले. आधीच यंत्रावर असलेल्यांना तिथून काढले नाही. यंत्रावर जाण्याचा मार्ग बंद केला नाही, पण त्याला वैद्यकीय कारणाची अट आली.

तीन वर्षांच्या या हेलकाव्याकडे बघून 'निवड देणेच चूक' असा निष्कर्ष काही जण काढतात. मला तो पटत नाही. दोन्ही पर्यायांना मासिक ठरलेला मोबदला दिला असता, फिस्टुलाची सोय आधी वाढवली असती, निर्णयाच्या वेळी केंद्राशी संबंध नसलेली परिचारिका रुग्णासोबत बसवली असती, रात्री झोपेत द्रव बदलणारे स्वयंचलित यंत्र जास्त लोकांना दिले असते, तर निवड खरी झाली असती. हे न करता नुसती अट उठवली. मग निवड रुग्णाच्या हातात न येता केंद्रांच्या हातात गेली.

महाराष्ट्रातून पाहताना

आपल्याकडे राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली. २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे कव्हर होते. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ते पाच लाख झाले, आणि पिवळ्या-केशरी रेशनकार्डाची अट जाऊन राज्यातले सगळे रहिवासी तिच्यात आले. शिवाय केंद्राने २०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. जिल्हा रुग्णालयांत खासगी भागीदारीतून यंत्रे बसवायची, असा तो कार्यक्रम. त्याच भाषणात सांगितले होते की देशात दरवर्षी सुमारे २ लाख २० हजार लोकांची मूत्रपिंडे पूर्ण निकामी होतात आणि त्यामुळे डायलिसिसच्या ३ कोटी ४० लाख जादा बैठकांची गरज निर्माण होते.

म्हणजे आपण यंत्राचा मार्ग घेतला, आणि थायलंडसारखी तुलना करून, पर्याय लोकांपुढे मांडून घेतला असे झाले नाही. पोटातल्या डायलिसिससाठी केंद्राने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या खऱ्या, पण आपल्याकडचे डायलिसिस आजही बहुतांश यंत्रावरचेच आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी यंत्रे आली हे मोठेच काम झाले, ते नाकारायचे नाही. पण आठवड्यातून दोन-तीन दिवस पहाटेची एसटी धरणारा रुग्ण आणि त्याच्यासोबत मजुरी बुडवून जाणारा मुलगा किंवा बायको, यांचा खर्च पॅकेजमध्ये, म्हणजे योजनेने उपचारासाठी ठरवलेल्या दरात, येत नाही. योजनेने रुग्णालयात नेमलेला आरोग्यमित्र कागद पूर्ण करून देतो, मंजुरी येते, डायलिसिसला पैसे लागत नाहीत. तिकीट, खाणे आणि बुडालेली मजुरी मात्र महिनाभर साचत जाते. मग लोक बैठका गाळतात. आठवड्याला तीन सांगितल्या तर दोन करतात, पायाला सूज आली की जातात. थायलंडच्या खेड्यांत २००८ पूर्वी जे पैशांअभावी होत होते, ते आपल्याकडे अंतरामुळे होते.

मग आपणही उद्यापासून पिशव्या द्याव्यात का? इतके सोपे नाही. भारतात पिशवीचा भाव आणि यंत्रावरच्या बैठकीचा भाव यांचे गणित थायलंडपेक्षा वेगळे आहे. आपल्याकडे बैठक तुलनेने स्वस्त पडते आणि पिशव्या सुट्या खरेदीत महाग पडतात. पण थायलंडलाही पिशवी स्वस्त मिळाली ती देशासाठी एकाच दारातून खरेदी केल्यावर. भाव आधी उतरला आणि मग धोरण आले, असे तिथेही झाले नाही. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट, किंवा सातारा-कोल्हापूरच्या डोंगरी तालुक्यांतल्या रुग्णांपुरता तरी हा हिशोब मांडायला काय हरकत आहे? तिथे रुग्णाचा प्रवास, सोबतच्या माणसाची मजुरी आणि गाळलेल्या बैठकांमुळे अचानक रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, हे सगळे धरून. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या गावांत हात धुण्याच्या पाण्याचे काय, हाही त्यात यायला हवा, नाहीतर संसर्गाने सगळे ओमफस होईल. टपाल खाते आपल्याकडेही दारापर्यंत जाते. गावात आशा आहे, आरोग्यसेविका आहे. त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर आहे, म्हणून हे काम वेगळ्या मानधनाशिवाय त्यांच्या माथी मारू नये.

आणि दुसरी गोष्ट, २०२२ च्या थायलंडमधून घेण्यासारखी. आपल्या पॅकेज पद्धतीत डायलिसिसचे पैसे बैठकीमागे मिळतात. केंद्राला बैठका मोजून पैसे मिळत असतील, तर वर्षभर रुग्ण किती दिवस रुग्णालयाबाहेर राहिला, त्याचा फिस्टुला वेळेत झाला का, हिमोग्लोबिन किती राहिले, पहिल्या तीन महिन्यांत किती रुग्ण गेले, हे कुणी मोजत बसणार नाही. जे मोजले जात नाही त्याचे पैसेही दिले जात नाहीत. राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे या योजनेतला प्रत्येक दावा नोंदलेला आहे: कोणत्या तालुक्यातला रुग्ण, कोणत्या रुग्णालयात, किती तारखांना. दोन बैठकांमधले अंतर आणि घरापासून केंद्राचे अंतर त्या नोंदींतून काढता येईल, आणि रुग्णांची नावे काढून ही माहिती तालुकावार जाहीरही करता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवे बजेटही लागत नाही. आरोग्य विभागाने हे काम येत्या वर्षात करावे, आणि पुढच्या वेळी डायलिसिसचे दर ठरवायला बसतील तेव्हा त्या टेबलावर रुग्णांचे प्रतिनिधी असावेत.